सोबतीचा कागद

४ जानेवारी, रविवार

आले बाई एकदाची! नारायण पेठेतला तिसरा मजला, बावन्न पायऱ्या आणि लिफ्ट बसवण्यावरून सोसायटीच्या सभेत वीस वर्षं चाललेली भांडणं मागे टाकून पुण्याबाहेर मांजरी गावात तळमजल्यावर राहायला आले. जागेचं नाव ‘सांजसोबत’. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, निवास म्हणायचं, असं व्यवस्थापक माधवरावांनी दारातच बजावलं. म्हटलं, म्हणू की. माझ्या गुडघ्यांना काही फरक पडत नाही.

खोली छान आहे. दोन खाटा, दोन कपाटं, मोठी खिडकी. एका अंगाला ऊस दिसतो, दुसऱ्या अंगाला नव्या इमारती. दुपारी वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं, तसं स्वयंपाकघरात जाऊन सांगून आले. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. चूक दिसली की जीभ गप्प बसत नाही. स्वयंपाकीणबाई रागावल्या नाहीत, हसल्या. म्हणजे इथे आपलं जमेल.

पुष्करने, माझ्या एकुलत्या एक मुलाने, टोरंटोत बसून व्हिडिओवर ही जागा निवडली. त्याचा रोज संध्याकाळी सातला फोन येतो. मी स्पीकरवर बोलते, कारण मोबाइल कानाला लावला की गालाने बंद होतो. आज खोली दाखवली तर म्हणाला, आई, हॉटेलात राहिल्यासारखं आहे की. म्हटलं, हो, फक्त परतीचं तिकीट नाही. त्याला ते आवडलं नाही. मला तरी कुठे आवडलं होतं, पण तोंडातून गेलं.

दुसऱ्या खाटेवर यमुनाबाई पटले आहेत. गोंदियाकडच्या, शहात्तर वर्षांच्या, मूलबाळ नाही. दिग्विजय नावाच्या भाच्याने सहा वर्षांपूर्वी इथे आणून सोडलं, तो पुन्हा काही फिरकला नाही. त्यांना विसरायला होतं, पण ऐकतात इतकं छान! माझ्याकडे टक लावून, मान हलवत. हे गेल्यापासून नऊ वर्षं मी घरात भिंतींशी बोलत होते. आज जेवणानंतर तासभर बोलले आणि घसा दुखायला लागला. बरं वाटलं.

९ जानेवारी, शुक्रवार

इथे बद्रीनाथराव म्हणून एक गृहस्थ आहेत, ठार बहिरे. मागच्या महिन्यात न्यूमोनिया झाला म्हणून त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि कानातलं यंत्र इथेच टेबलावर राहिलं. तिथे ते कशालाच उत्तर देईनात. मग भ्रम झालाय असं केस पेपरवर लिहून त्यांचे हात खाटेला बांधले. पाच दिवस! परत आले तेव्हा बरोबर आलेल्या चिठ्ठीतलं अक्षर कोणाला लागेना, त्यामुळे दोन दिवस गोळ्या चुकीच्या. ऐकून माझं डोकंच फिरलं. माणूस पाठवताय की कुरिअर? कुरिअरवर निदान पत्ता तरी नीट असतो.

माधवरावांना म्हटलं, प्रत्येकाचा एक कागद करा. एकच पान. नाव, आजार, गोळ्या, आणि माणूस कसा आहे ते. ऐकू येतं का, जेवतो कसा, कशाने घाबरतो, कोण आलं की शांत होतो. तो कागद माणसाबरोबर जाईल आणि माणसाबरोबरच परत येईल, आणि तिकडचे लोक त्यात भर घालतील. त्यांना ते एकदम पटलं. माझं अक्षर बघितल्यावर तर फारच पटलं. म्हणजे लिहिण्याचं काम माझ्याच गळ्यात! तक्रार नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मला काम दिलंय. मी त्याला नाव दिलं, सोबतीचा कागद.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगूळ वाटला. माझ्या कवळीला वडी झेपली नाही, चघळत बसले.

बद्रीनाथराव कालच पुन्हा हॉस्पिटलात जाऊन आले. या वेळी सोबत माझा कागद होता. तिथल्या सिस्टरचा माधवरावांना फोन आला की असा कागद आम्ही पहिल्यांदाच पाहिला, आजोबांना एक प्रश्नही विचारावा लागला नाही, सगळं आधीच लिहिलेलं. माधवरावांनी हे जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उगाच रागावल्यासारखं केलं, पण खोलीत येऊन दोनदा आरशात बघितलं.

यमुनाबाईंना ते सगळं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या की त्यासुद्धा भूगोल शिकवत होत्या. म्हटलं, हो का? कितवीला? म्हणाल्या, आठवीला, मान्सूनचे वारे. अहो, मीच त्यांना परवा सांगितलं होतं!

२० जानेवारी, मंगळवार

यमुनाबाईंनी कमाल केली आहे. आता त्या पूर्ण उल्का वर्तक झाल्यात. सकाळी देखभालीच्या मावशींनी हाक मारली तर यमुनाबाई कोण, असं विचारलं. मुलगा पुष्कर टोरंटोला असतो, लहानपणी त्याला दम्याचा त्रास होता, एकदा रागाच्या भरात त्याला गच्चीवर कोंडलं आणि नंतर रात्रभर रडले, सगळं सांगतात. माझंच. शब्दसुद्धा माझे. माणसं विसरतात म्हणून मी निर्धास्त बोलत होते, आणि या बाई तेवढंच तर लक्षात ठेवतात.

पुष्करला फोनवर सांगितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, आई, तुझी झेरॉक्स निघाली की. मग म्हणाला, भांडू नकोस हं त्यांच्याशी, हो म्हणत जा.

आज त्यांचा कागद लिहिला. माझ्या मते आतापर्यंतचा सर्वांत उत्तम कागद. इथे उतरवून ठेवते:

‘यमुनाबाई पटले. बोलणं स्वच्छ व मुद्देसूद, परंतु स्वतःची ओळख विसरतात. आपण निवृत्त शिक्षिका उल्का वर्तक असून मुलगा पुष्कर परदेशी आहे असं अतिशय ठामपणे सांगतात. तपशील पुरवतात. ऐकणाऱ्याला खरं वाटतं. वाद घालू नये. हो म्हणून विषय बदलावा. फार अस्वस्थ झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपेचं औषध द्यावं. दात स्वतःचे.’

माधवराव म्हणाले, आता तुमचा स्वतःचाही लिहून टाका. म्हटलं, मला कशाला? मला तोंड आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

दुपारचे तीन. नेहमीच्या मावशी रजेवर आहेत. एजन्सीने संस्कृती नावाची नवी मुलगी पाठवली आहे, आजच आली. तिला कोण कोण ते काही माहीत नाही, सगळ्यांना आजी म्हणून मोकळी होते. मी खाटेवर बसून लिहितेय. यमुनाबाई न्हाणीघरात गेल्यात, बराच वेळ झाला, दार वाजवलं पाहिजे.

आवाज आला. बघते.

२ फेब्रुवारी, सोमवार

डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. अक्षर माझं वाटत नाही.

यमुनाबाई पडल्या होत्या. डोक्यातून रक्त. उचलायला गेले आणि ओल्या फरशीवर मीच घसरले, खुब्यात काडकन वाजलं. एका अँब्युलन्समध्ये दोघी. संस्कृती आमच्या खोलीच्या कागदांचं फोल्डर छातीशी धरून रडत होती. बरोबरच्या माणसाने नावं विचारली. कळ इतकी की मला शब्द फुटेना. यमुनाबाईंनी सांगितलं, अगदी खणखणीत: उल्का वर्तक, भूगोलाच्या बाई. मग त्यांची शुद्ध गेली, मग माझी.

खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणे. कवळी कुठे गेली कोणालाच माहीत नाही. मोबाइल मांजरीला. पिशवीत ही वही, चष्मा, रुमाल.

मनगटावरच्या पट्टीवर यमुनाबाई पटले असं लिहिलंय. सिस्टरला सांगितलं, चूक झाली आहे. ती गोड हसली आणि म्हणाली, हो आजी. आणि मग म्हणाली, आज थंडी कमी आहे, नाही का?

विषय बदलला. मीच लिहिलं होतं तसा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांना सगळं क्रमाने सांगितलं. नाव, शाळा, पेठ, मुलगा. मुद्देसूद. ते ऐकत होते आणि हातातल्या कागदाकडे बघत होते. माझा कागद. माझं सुंदर अक्षर. शेवटी शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, बघ, किती नेमकं लिहिलंय.

दात दाखवले. म्हटलं, कागदावर स्वतःचे दात लिहिलंय, माझ्या तोंडात एक तरी आहे का? सिस्टरने पेन काढलं, ‘दात स्वतःचे’ खोडलं आणि ‘दात नाहीत’ लिहिलं. झालं!

आधार कार्डाची झेरॉक्स जोडलेली आहे. नुसता काळा डाग. त्यात मीही असेन, यमुनाबाईही असतील, आणि माधवरावही असतील.

भाच्याशी व्हिडिओ कॉल लावला. त्या दिग्विजयने सहा वर्षांत मावशीचं तोंड पाहिलेलं नाही. माझं सुजलेलं तोंड पाहून म्हणाला, मावशीच आहे, वाळली फार. मी ओरडले की मी तुझी मावशी नाही. तो सिस्टरला म्हणाला की हो, असं बोलते हे मला कळवलंय. दातांशिवाय माझे शब्द नुसते फसफसतात, मलाही कळत नाहीत.

ओरडल्याबद्दल सुई टोचली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मांजरीला नेलं नाही. भाच्याने फोनवरून ठरवलं की चालता येईपर्यंत खराडीच्या शुश्रूषा केंद्रात ठेवा. इथे सगळी माणसं नवीन. यमुनाबाईंना कोणी पाहिलेलं नाही, मलाही नाही. कागद मात्र माझ्या आधी पोहोचला होता. दारातच हाक, या यमुनाआजी.

सहावा मजला. खिडकीतून ऑफिसांच्या काचा दिसतात, आत माणसं कॉम्प्युटरसमोर बसलेली. हात हलवला. कोणी वर बघत नाही.

यमुनाबाई कशा आहेत, असं विचारलं. तुम्ही छान आहात की, असं उत्तर मिळालं.

पुष्करचा नंबर आठवत नाही. मोबाइलमध्ये नुसतं नाव दाबायचे. घरच्या बंद झालेल्या फोनचा नंबर मात्र तोंडपाठ. तोच पुन्हा पुन्हा आठवतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नम्रता नावाची नर्स आहे. पंचविशीची, यवतमाळची. मी गोंदियाची म्हणून तिला माझा जीव लागलाय, आपल्याकडची आजी म्हणते. पुण्यात तिचं कोणी नाही. केस विंचरताना सारखी बोलत असते.

तिला विनवलं तेव्हा तिने माधवरावांना फोन केला. माझ्या समोर. ते म्हणाले, हो, यमुनाबाई असंच सांगतात, कागद अगदी बरोबर आहे. वहीचं विचारलं. म्हणाले, ती उल्काताईंची वही, त्यांच्या हाती लागली असेल, राहू द्या, काही रेघोट्या ओढतात तर ओढू द्या. मग त्यांचा आवाज भरून आला, असं नम्रता म्हणाली. का ते तिला कळलं नाही.

मला कळलं नाही. कळायला हवं.

८ फेब्रुवारी, रविवार

पेपर आला. सवयीने आधी निधनाच्या बातम्या काढल्या. आम्हा पेठेतल्या लोकांची खोड.

माझा फोटो.

‘श्रीमती उल्का वर्तक, ७४, निवृत्त शिक्षिका. ३० जानेवारी. प्रेमळ व मनमिळाऊ.’ प्रेमळ व मनमिळाऊ! मला ओळखणाऱ्या कोणी लिहिलेलं नाही हे. तेरावा बुधवारी, ११ तारखेला. खाली पुष्करचं नाव, त्याचा इथे आल्यावर घेतलेला मोबाइल नंबर.

यमुनाबाई गेल्या. माझ्या नावाने गेल्या. डोक्याला पट्ट्या, तोंड सुजलेलं, कोण बघतंय. त्यांच्यासाठी रडायला हवं. रडू येतंय ते माझ्यासाठी.

पुष्कर पुण्यात आहे. माझ्यासाठी आलाय. चार वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारपर्यंत त्याला कळलं पाहिजे. मग तो जाईल.

नम्रताला फोटो दाखवला. त्यात केस काळे, दात, पावडर. पंधरा वर्षांपूर्वीचा. तिने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, डोळे पुसले. वाटलं, कळलं हिला!

तिने कागदावर लिहिलं: ‘मैत्रिणीच्या निधनाची बातमी वाचल्यापासून जास्त गोंधळल्या आहेत.’

९ फेब्रुवारी, सोमवार

आज बोलले नाही. हट्ट नाही, ओरडणं नाही. जेवले. मग नम्रताला म्हटलं, एकच फोन कर. पेपरातल्या नंबरावर. सांत्वनाचा.

केला. स्पीकरवर नव्हता. तिचं बोलणं तेवढं ऐकलं. तिने सगळं सांगितलं, आजी असं असं म्हणतात. मग बराच वेळ ऐकत राहिली. हो दादा, हो दादा.

मग फोनवर हात ठेवून तिने मला सांगितलं, तो म्हणतो की आईने मला सांगितलं होतं या आजींबद्दल, आम्ही फार हसलो होतो. म्हणाला, त्यांना त्रास देऊ नका. वाद घालू नका. हो म्हणा.

मी फोन ओढून घेतला. पुष्कर, पुष्कर, एवढंच. तोंडातून फस फस आवाज. तिकडून काही नाही, नुसता श्वास. माझ्या मुलाचा श्वास मी ओळखते, दम्याच्या रात्री मोजलाय मी तो —

मग सुई.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उद्या तेरावा. नम्रताने कबूल केलंय, उद्या जेवणानंतर पुन्हा लावेल. एकदाच.

एक गोष्ट हवी. त्याला आणि मला माहीत असलेली, यमुनाबाईंना न सांगितलेली. एक पुरे.

दमा — सांगितलं. गच्ची — सांगितलं. त्याचे बाबा गेले त्या दिवशीचं — सांगितलं. तो पळून स्वारगेटला गेला होता, बसमध्ये सापडला — सांगितलं. ती मुलगी, जिच्याशी मी त्याचं लग्न होऊ दिलं नाही — तेसुद्धा. रात्री दिवा मालवल्यावर. तेवीस दिवसांत सगळं आयुष्य सांगून मोकळी झाले. का? कोणीतरी ऐकत होतं म्हणून.

सकाळपासून शोधतेय. सगळीकडे यमुनाबाई बसल्यात, मान हलवत.

गोळीने डोकं जड. पुष्करचं पाळण्यातलं नाव —

सांगितलं होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

फोन झाला.

मागे भांड्यांचे आवाज, माणसं जेवत होती. माझ्या तेराव्याला. मी हळू बोलले, एकेक शब्द, हिरड्यांनी चावून. मी आई आहे, पुष्कर. मी आहे. मी गेले नाही.

तो म्हणाला, हो आई.

म्हणाला! हो आई म्हणाला! मी रडले, हसले, नम्रताचा हात घट्ट धरला. काय काय बोलले. ये म्हटलं, खराडीला, सहावा मजला, आत्ता ये.

तो म्हणाला, हो आई. येतो हं. तुम्ही जेवा वेळेवर. काळजी घ्या.

तुम्ही. त्याने जन्मात कधी मला अहोजाहो केलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

त्याचं विमान गेलं असेल.

संध्याकाळी केस विंचरताना नम्रताने सांगितलं. तो काल रात्री पुन्हा बोलला तिच्याशी. रडत होता म्हणे. म्हणाला, आईच्या सगळ्या गोष्टी आता या आजींकडेच उरल्यात. मी तिचं नीट ऐकलंच नाही कधी, सातचा फोन पाच मिनिटांत उरकायचो. म्हणाला, दर रविवारी फोन करू का? आजींनी मला आईच्या गोष्टी सांगाव्यात.

पण एक अट. त्यांनी स्वतःला आई म्हणवून घेऊ नये. ते सहन होणार नाही. सोमवारच्या फोननंतर त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. यमुनाआजी म्हणून बोलणार असतील तरच.

डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. आपली खरी ओळख धरून बोलल्या तर चालू ठेवा. नाहीतर बंद. कागदावर लिहिलंय. नम्रताने. खाली दोन रेघा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही म्हणणार. मेले तरी नाही म्हणणार. माझं नाव उल्का. उल्का वसंत वर्तक.

खरं काय ते कधीतरी कळेलच त्याला. कधीतरी. कसं?

नम्रताने गोंदियाकडचं काहीतरी सांगा म्हणून हट्ट धरला. यमुनाबाईंनी मला एकदा सांगितलं होतं, तळ्यात उतरून शिंगाडे काढायच्या ते. सांगितलं तिला. इतकी खूश झाली. माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होती, मान हलवत. कोणीतरी ऐकत होतं.

थांबवेना मला.

१४, शनिवार

भीती वाटते. उद्या फोन येईल त्याची. येणार नाही त्याची.

सबंध दिवस कोणी नाव घेऊन हाक मारली नाही, यमुनाआजी सोडून. मी ओ दिली. दोनदा.

त्याचा आवाज. तेवढाच उरलाय. नावाचं काय करू मी, एकटीने?

नाही. उल्का. उल्का. उल्

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र

खिचडी. दाताविना बरी.

सात वाजत आले. नम्रता फोन घेऊन बसली आहे, माझ्या खाटेवर. म्हणते, लिहीत बसू नका आजी. लिहिल्याशिवाय बसवत नाही.

वाजला.

स्पीकर लावला तिने. किती जवळ. सर्दी झाली आहे त्याला, नाकात बोलतोय. गरम पाणी पी म्हणावं, पण कोण म्हणून म्हणू —

तो विचारतोय, हॅलो, कोण बोलतंय? आजी, तुम्ही का?

नम्रता बघतेय. हातात कागद. पेन उघडलंय.

हो बाळा, म्हटलं. मीच. मी यमु